पॉडकास्टमध्ये आवाज कधी कानठळ्या, कधी कुजबुज? या चुका टाळा

मराठी वाक्याचा जीव शेवटच्या शब्दात असतो. ‘मी त्या बैठकीला गेलो नाही’ यातला ‘नाही’ ऐकू आला नाही, तर अर्थच उलटतो. आणि बोलताना नेमका तिथेच श्वास संपत आलेला असतो, आवाज खाली येतो. म्हणून आवाज सारखा करताना मी एकच गोष्ट तपासते: प्रत्येक वाक्याचं क्रियापद नीट ऐकू येतंय का?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘नॉर्मलाइज’ केलं की काम झालं असं समजणं. नॉर्मलाइज फाइलमधलं सगळ्यात उंच टोक शोधतं आणि पूर्ण रेकॉर्डिंग एकाच मापाने वर किंवा खाली सरकवतं. पाहुणा एकदा खळखळून हसला असेल, तर ते हसूच टोक ठरतं आणि बाकीचं बोलणं होतं तिथेच राहतं. लाउडनेस नॉर्मलायझेशन सरासरी मोजतं, पण तेही सगळ्यांना सारखंच उचलतं. मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर दोन्हींनी कमी होत नाही.

खुर्चीत मागे रेलणं

माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. माइक तोंडापासून वीतभर असेल आणि पाहुणा आणखी वीतभर मागे रेलला, तर तेवढा आवाज गेलाच. वर खोलीचा घुमारा वाढतो, आणि तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. म्हणून चाकाची, मागे झुकणारी खुर्ची देऊ नका. माइक तोंडासमोर नाही, किंचित बाजूला ठेवा, म्हणजे फ, भ, ठ यांचा झोत थेट त्यावर आदळणार नाही. रेकॉर्डिंगच्या मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा असते, तिच्यावर गेलं की आवाज फाटतो. म्हणून सर्वांत उंच आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

दोघांचं बोलणं एकाच ट्रॅकवर घेऊ नका. ऑनलाइन मुलाखतीत माइकचा आवाज आपोआप ठरवणारी सोय बंद करा. ती शांततेत गेन, म्हणजे आवाज उचलण्याचं प्रमाण, वाढवत नेते. पंख्याची घरघर वर येते आणि पुढचा पहिला शब्द अंगावर येतो.

सगळा भार कॉम्प्रेसरवर टाकणं

कॉम्प्रेसर म्हणजे ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबणारी सोय. तो काय करतो ते आकड्यात पाहा. थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, उणे २०. रेशो ३:१, म्हणजे तिच्या वरच्या दर ३ डेसिबलचा १ उरतो. उणे ८ वर गेलेला शब्द थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर आहे. तो फक्त ४ डेसिबल वर राहतो, म्हणजे उणे १६ वर येतो. उंच टोकं बसली. पण उणे २८ वर गेलेल्या ‘नाही’ला कॉम्प्रेसरने हातही लावला नाही! मग आपण मेकअप गेन, म्हणजे दाबल्यानंतर सगळा आवाज उचलणारी कळ, ८ डेसिबल वाढवतो, आणि ‘नाही’बरोबर पंखा, श्वास, ओठांची चपचप, सगळंच ८ डेसिबलने वर येतं. रेशो आणखी वाढवला तर बोलणाऱ्याचा आवाज चेपून निर्जीव होतो.

त्यामुळे आधी हाताने काम करा. ऑडॅसिटीत एन्व्हलप टूल आहे, इतर सॉफ्टवेअरमध्ये क्लिप गेन मिळतो. त्यांनी हव्या तेवढ्याच तुकड्याचा आवाज कमी-जास्त करता येतो. वाक्याची पडलेली टोकं ३-४ डेसिबल उचला, हसणं तेवढंच खाली घ्या. वाढ शब्दांमधल्या फटीत सुरू करा. शब्दाच्या मध्ये केली तर कानाला खटकते. अर्ध्या तासाच्या भागाला तासभर लागू शकतो, आणि तो द्यावा असं माझं ठाम मत आहे. यानंतर कॉम्प्रेसरला फार काही करावं लागत नाही.

पण सगळंच सपाट करू नका. आत्याच्या आठवणी रेकॉर्ड केल्या तेव्हा मी वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पाहून तिचं प्रत्येक वाक्य एका उंचीला आणलं होतं. आजोबा गेले त्या रात्रीबद्दल ती हळू बोलली होती. माझ्या फाइलमध्ये ती बाजारभाव सांगावा तशी ऐकू आली. तो भाग मी मूळ रेकॉर्डिंगवरून पुन्हा केला. शब्द कळतील इतकाच उचलला.

क्रम उलटा लावणं

आधी ८० हर्ट्झच्या आसपासचा, खालची घरघर कापणारा हाय-पास फिल्टर, मग गरज असेल तर नॉइज कमी करणं, मग हाताने उचलणं, मग कॉम्प्रेसर, शेवटी लाउडनेस. कॉम्प्रेसर आधी लावला तर उसळलेला गोंगाटच साफ करत बसाल. ॲपल पॉडकास्ट्स उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपासची पातळी सुचवतं, आणि टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये असं सांगतं. सॉफ्टवेअरमध्ये उणे २३ भरलेलं दिसलं तर तो युरोपातल्या टीव्ही-रेडिओ प्रसारणाचा आकडा आहे, बदला.

मग हेडफोन काढा. फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट चालू ठेवून ऐका. जिथे क्रियापद हरवेल तिथली वेळ लिहून ठेवा आणि फक्त त्या शब्दापाशी परत जा. कॉम्प्रेसरला पुन्हा हात लावू नका.