डब्लिनचं जुनं घर, बाहेरून इन्सुलेशन आणि सरकारी ग्रँट

हीटिंग बंद केलं की तासाभरात गारठा, आणि कपाटामागे काळी बुरशी. इथे जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींची हीच रड. कारण डब्लिनची बरीच जुनी घरं हॉलो ब्लॉकची, म्हणजे आतून पोकळ काँक्रीट ठोकळ्यांची. भिंतीत सलग पोकळी नाही, म्हणून पोकळीत इन्सुलेशनचे बारीक मणी फुंकून भरायचा स्वस्त उपाय बाद. राहतं आतून ड्राय-लायनिंग (आतल्या भिंतींवर इन्सुलेशनचे बोर्ड), नाहीतर बाहेरून इन्सुलेशन, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर उष्णता अडवणारा थर. आतून करायचं तर खोल्या आक्रसतात आणि किचनची कपाटं उतरवावी लागतात. आम्ही बाहेरून केलं.

ग्रँट देते एसईएआय, म्हणजे आयर्लंडची सरकारी ऊर्जा संस्था. रक्कम बिलावर नाही, घराच्या प्रकारावर ठरते: डिटॅच्डला (सुट्या घराला) 8,000 युरो, सेमी-डी (एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं) किंवा रांगेतल्या टोकाच्या घराला 6,000, मधल्याला 3,500, अपार्टमेंटला 3,000. आमचं सेमी-डी, आणि कोटेशन ग्रँटच्या तिपटीच्या वर. तेव्हा हिशेब त्या तयारीने मांडा. अर्जाच्या दिवशीचे आकडे त्यांच्या साइटवर बघून घ्याच.

घर 2011 च्या आधी बांधलेलं आणि राहतं हवं. कॉन्ट्रॅक्टर त्यांच्याच यादीतला हवा. अर्ज ऑनलाइन, विजेच्या बिलावरचा एमपीआरएन (वीजजोडणीचा) नंबर हाताशी ठेवा. आणि मंजुरी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. "सोमवारी माणसं मोकळी आहेत, सुरू करू का?" असं कॉन्ट्रॅक्टर गोड बोलून विचारेल. नाही म्हणा. आधी सुरू झालेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. मंजुरीनंतर आठ महिने असतात, पुष्कळ झाले.

खरा वेळ कोटेशनवर घालवा. भिंत चारेक इंच बाहेर येते, म्हणजे खिडक्यांचे सिल, पावसाचे पाइप, गॅस मीटरची पेटी, बाहेरचा नळ, सगळंच हलतं. प्रत्येक गोष्ट कोटेशनात लिहून घ्या, नाहीतर "एक्स्ट्रा" म्हणून पुढे येते. बाजूच्या बोळातून कचऱ्याचा बिन जाईल का, हे टेप लावून बघा. हसू नका, आमच्याकडे जेमतेम जातो. भिंतीतले व्हेंट नव्या थरातून आरपार बाहेर काढलेच पाहिजेत. ते बुजले तर बुरशी परत हजर.

पैसे आधी तुम्ही भरायचे. काम संपलं की बीईआर, म्हणजे घराची ऊर्जा-श्रेणी ठरवणारी, तपासणी करून घ्यायची (तिला वेगळे 50 युरो मिळतात), कागद पाठवायचे, मग रक्कम खात्यात येते. वन-स्टॉप-शॉपवाले (घराचं सगळं काम एकहाती करून देणाऱ्या कंपन्या) ग्रँट बिलातूनच वजा करतात, पण तिथे घर बीईआरच्या बी2 श्रेणीपर्यंत न्यावं लागतं, नुसत्या भिंतीवर भागत नाही. फ्युएल अलाउन्स (सरकारी इंधनभत्ता) मिळत असेल तर हे सगळं सोडा आणि आधी वॉर्मर होम्सची मोफत योजना बघा.

प्लास्टर चढण्याआधी इन्सुलेशनच्या बोर्डांना मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा. बीईआरवाला जाडीचा पुरावा मागतो, आणि तोवर भिंत झाकलेली असते.