स्विच, पीएलसी, यूपीएस: सगळं एकाच कोर्बा इंटरफेसमागे

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सहसा सगळी सरमिसळ असते. स्विच आणि यूपीएस एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलवर, पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) मॉडबस-टीसीपी या कारखान्यातल्या प्रोटोकॉलवर, एक सर्व्हर विंडोज तर दुसरा लिनक्स. दांडिया बाजारातल्या ऑफिसातून या सगळ्यांवर नजर ठेवायची तर मध्ये एक गेटवे हवा. तो इथे कोर्बावर बांधायचा आहे: वेगवेगळ्या भाषांतल्या प्रोग्रामांना नेटवर्कवरून एकमेकांना कॉल करू देणारं हे मानक. ते जुनं आहे, पहिली आवृत्ती १९९१ची. जावा ११मधून तर ते काढूनच टाकलं. पण सी++ आणि पायथनमधले भाग एकमेकांशी बोलते करायला आजही चोख चालतं. इथे ओम्निओआरबी ही कोर्बाची लायब्ररी धरली आहे.

आधी आयडीएल, म्हणजे इंटरफेसची व्याख्या, लिहा, आणि हात आखडता ठेवा. अख्खी एमआयबी (उपकरणातल्या सगळ्या मूल्यांची यादी) त्यात ओतली की उपकरण बदललं की सगळे क्लायंट पुन्हा कंपाइल करत बसा. स्थिती, मोजमाप, आदेश आणि सूचनांसाठी नोंदणी, एवढी चार ऑपरेशन्स पुरतात. समोर कुठला प्रोटोकॉल आहे, हे क्लायंटला कळताच कामा नये.

मोजमाप ‘अनसाइन्ड लाँग लाँग’ ठेवा. नुसता ‘अनसाइन्ड लाँग’ ३२ बिटांचा असतो. १ गिगाबिटचा पोर्ट पूर्ण भरून वाहत असेल तर बाइट मोजणारा ३२ बिटी काउंटर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. मिनिटाला एकदा वाचलात तर आलेख धडधडीत खोटा. म्हणून स्विचकडून १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ हा ६४ बिटी काउंटर मागा. एसएनएमपी आवृत्ती १मध्ये तो मिळत नाही, किमान २सी लागते. शिवाय पोर्ट इंटरफेसच्या नावाने ओळखा. स्विच रीस्टार्ट झाल्यावर पोर्टचा क्रमांक (इंडेक्स) बदलू शकतो.

मॉडबसचा अडॅप्टर (गेटवेतला उपकरणाशी बोलणारा भाग) लिहिताना मॅन्युअलमधलं ४०००१ हे रजिस्टर प्रत्यक्षात ० म्हणून मागायचं असतं. ३२ बिटी आकडा दोन रजिस्टरांत येतो आणि आधी कुठला अर्धा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पॅनेलवर दिसणाऱ्या तापमानाशी ताडून पाहा, अर्धे उलटे असतील तर लगेच कळतं. बरेच पीएलसी एका वेळी मोजकीच कनेक्शनं घेतात, तेव्हा अडॅप्टरने एकच कायम उघडं ठेवावं.

आता खरी डोकेदुखी. ओम्निनेम्स (नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारी नेमिंग सर्व्हिस) २८०९ पोर्टवर चालू केलं, ऑफिसातून नाव सापडलं, पण पुढचा कॉल लटकतो किंवा ‘ट्रान्झियंट’ एरर येतो. कारण नेमिंग सर्व्हिस फक्त आयओआर, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता असलेला संदर्भ, देते. पुढचा कॉल त्या आयओआरमधल्या पत्त्यावर जातो. गेटवेला दोन नेटवर्क कार्डं असली की त्यात कारखान्याच्या आतला पत्ता छापला जाऊ शकतो. कॅटआयओआर हे आयओआर उलगडून दाखवणारं टूल चालवून आत काय आहे ते वाचा. मग गेटवेच्या एंडपॉइंटला (जिथे तो कॉल ऐकतो) ठरावीक पोर्ट द्या, एंडपॉइंट-पब्लिश या सेटिंगमध्ये ऑफिसातून पोहोचता येईल तो पत्ता घाला, आणि फायरवॉलमध्ये तो पोर्ट आणि २८०९ असे दोनच उघडा, तेही व्हीपीएनच्या आत. साधी आयआयओपी (कोर्बाचा नेटवर्क प्रोटोकॉल) वाहतूक एन्क्रिप्ट केलेली नसते.

ओम्निओआरबीत कॉलची वेळमर्यादा मुळात ० असते, म्हणजे मर्यादाच नाही. विश्वामित्री नदी चढली आणि लिंक गेली की मॉनिटरची स्क्रीन गोठून राहते. क्लायंटला ५००० मिलिसेकंदांची मर्यादा द्या. अडॅप्टरने उपकरणाला त्याहून आधी सोडावं: एसएनएमपीला १ सेकंद आणि एकदा पुनर्प्रयत्न, तेवढं पुष्कळ.

ट्रॅप, म्हणजे उपकरणाने आपणहून पाठवलेल्या एसएनएमपी सूचना, यूडीपी १६२वर येतात आणि हरवतातही. त्यामुळे ट्रॅप आला की लगेच दाखवा, पण दर ५ मिनिटांनी स्थिती स्वतः विचारत राहा.

गेटवे रीस्टार्ट केल्यावर ‘ऑब्जेक्ट नॉट एग्झिस्ट’ येत असेल तर पीओए (गेटवेतले ऑब्जेक्ट सांभाळणारा भाग) ट्रान्झियंट, म्हणजे प्रोसेस चालू असेपर्यंतचाच, राहिला आहे. त्याचा लाइफस्पॅन पर्सिस्टंट (रीस्टार्टनंतरही टिकणारा) करा आणि ऑब्जेक्ट आयडी स्वतः द्या, उपकरणाचा टॅग नंबर उत्तम. पोर्ट ठरावीक असल्याने जुने आयओआर मग तसेच चालतात.