आंबिया बहार: कंटेनरचा आकडा कळवण्याआधी

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी महिन्यावर आली. याच दिवसांत शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे विचारणा होते, "वर्षाला किती कंटेनर माल द्याल?" एखाद्या लहान बंदरातून कंटेनर सेवा सुरू करायची, तर असे आकडे आधी गोळा करावे लागतात. बागेचे एकर मोजून मोठा आकडा ठोकून देऊ नका. जहाजाला वर्षाचा नाही, आठवड्याचा माल लागतो.

समजा, वरुड-मोर्शीकडच्या एका गटाकडे १०० एकर संत्रा आहे. एकरी ५ टन धरले तर ५०० टन. त्यातून गळ, डागी आणि बारीक फळ काढा. व्यापाऱ्याला आधीच दिलेल्या बागा आणि नागपूरच्या कळमना बाजारात जाणारा माल काढा. बांगलादेशाला ट्रकने जाणारा संत्रा तर बंदराच्या हिशेबात येतच नाही. उरले १५० टन. ४० फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, २० टन धरले तर सात-आठ कंटेनर, तेही दीड महिन्यात. म्हणजे आठवड्याला जेमतेम एक. एवढ्यासाठी कोणी जहाज वळवत नाही.

म्हणून काटोल-नरखेडच्या गटांना सोबत घ्या, जिनिंगवाल्यांनाही विचारा. कापसाची गाठ १७० किलोची, ४० फुटी कंटेनरात सुमारे १५० बसतात. त्यांना साधा कंटेनर चालतो आणि आंबिया संपल्यावरही गाठी निघतच राहतात. रीफर आणि साधे, दोन्ही आकडे वेगळे लिहा.

उलट तुम्हीही विचारा. बंदरात रीफरला विजेचे प्लग किती? रिकामा कंटेनर विदर्भात कुठून येणार आणि त्याचं भाडं कोणाच्या माथी? जहाज चुकलं तर पुढचं कधी? न्हावा शेवासारख्या मोठ्या बंदरात दुसऱ्या जहाजाची सोय लवकर लागते, लहान बंदरात आठवडा जाऊ शकतो. संत्र्याची साल सैल, तो वाट पाहणारं फळ नव्हे. भाडं स्वस्त दिसलं तरी हा आठवडा हिशेबात धरा.

कंटेनरचा ट्रेलर पांदणीने बागेत येणार नाही हे सांगायला नको, परतीच्या पावसानंतर तर नाहीच. भरणी डांबरी रस्त्यावरच्या कोटिंग सेंटरवर (फळाला मेणाचा थर देतात तिथे) ठरवा.

कळवताना 'पक्का' आणि 'जमल्यास' असे दोन रकाने करा. फळगळीचा अंदाज येताच, तोडणीआधी, पक्क्याचा आकडा सुधारून पाठवा.