रेमसमधून ब्लॉक काढायचा, त्याच्या आदल्या दिवशी

नव्याने सर्जरी करणाऱ्या सांगली-मिरजेतल्या दंतवैद्यांसाठी हे लिहितो आहे. इम्प्लांटसाठी (कृत्रिम दाताच्या स्क्रूसाठी) कमी पडणारं हाड भरायला रेमसमधून, म्हणजे खालच्या जबड्याच्या मागच्या उभ्या भागातून, हाडाचा तुकडा (ब्लॉक) काढायचा असेल, तर आधी सीबीसीटीसमोर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेसमोर) निवांत बसावं. जबड्याच्या गालाकडच्या भिंतीपासून खालच्या ओठाला जाणीव देणारी नस किती आत आहे ते मोजून तो आकडा केसपेपरवर लिहावा. मग स्वतःलाच विचारावं, ब्लॉक खरंच लागणार आहे का? इम्प्लांटभोवतीची छोटी खाच भरायला बोन स्क्रॅपरने खरवडलेलं हाड पुरतं. हनुवटीतून हाड चांगलं मिळतं, पण नंतर खालचे पुढचे दात कित्येक महिने बोथट लागतात, म्हणून मी आधी रेमसच बघतो. हनुवटीच घ्यायची ठरली, तर मुळांची टोकं, मेंटल फोरामेन (ती नस बाहेर पडते ते छिद्र) आणि जबड्याची खालची कड, या तिन्हींपासून किमान ५ मिलिमीटर लांब राहायचं.

संध्याकाळी पेशंटला स्वतः फोन करावा. जत, तासगावकडच्या मावशींना "तंबाखू खाता का?" विचारलं तर "नाही" म्हणतात, आणि त्यात खोटं काही नसतं, मिश्रीला त्या तंबाखूत धरतच नाहीत. "मिश्री लावता का?" हे वेगळं विचारावं. हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी इंजेक्शन घेतलंय का, तेही विचारावं, कारण वर्षातून एकदाच घेतलेलं इंजेक्शन गोळ्यांच्या यादीत येत नाही. साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट मागवावा. रक्त पातळ करणारी गोळी त्यांच्या फिजिशियनला विचारल्याशिवाय बंद करू नये. तोंडात जखमा दोन होणार आणि ओठ बधिर राहू शकतो, हे घरच्या माणसासमोर साध्या मराठीत सांगून मगच सही घ्यावी. लांबून येणाऱ्यांना सकाळचीच वेळ द्यावी, म्हणजे परतीची एसटी चुकत नाही.

ट्रे लावताना सक्शन दोन ठेवावेत, एक लाळेसाठी आणि दुसरा बोन ट्रॅप (हाडाचा चुरा अडवणारी जाळी) लावलेला. सलाईनची नळी चालवून बघावी. कापताना हाड तापतं, आणि ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिलं तरी ते दुखावतं. पिएझो (कंपनांनी हाड कापणारं यंत्र) इन्व्हर्टरवर चालतो का, तेही आजच बघावं.

क्रम मात्र चुकवू नये. हाड जिथे बसवायचं ती जागा आधी उघडायची, सुचरच्या (टाक्यांच्या धाग्याच्या) पाकिटातली निर्जंतुक फॉइल कापून माप घ्यायचं, तिथल्या हाडाला बारीक छिद्रं पाडायची आणि त्यानंतरच ब्लॉक काढायचा. शिकत असताना मी एकदा उलटं केलं. फ्लॅप (उचललेली हिरडी) सैल करण्यात वेळ गेला आणि ब्लॉक कोरड्या गॉजवर सुकत पडला. तेव्हापासून नॉर्मल सलाईनची वाटी सगळ्यात आधी मांडतो. डिस्टिल्ड वॉटर नाही, त्यात पेशी फुटतात. स्क्रू दोन काढून ठेवावेत, एकावर ब्लॉक फिरतो.

आणि उद्या भूल देण्याआधी ओठावर, हनुवटीवर कापसाची वात फिरवून दोन्ही बाजूंची जाणीव लिहून ठेवावी. टाके काढताना पेशंट "इथं जड वाटतंय" म्हणाला, तर ताडून बघायला तीच नोंद हाताशी असते.