जुन्या वाड्याचा इतिहास कसा शोधावा: पुण्याच्या पेठांसाठी कामाची पद्धत

वाड्याच्या इतिहासाची सुरुवात पेशवाईतून करू नका. आजच्या कागदापासून मागे मागे जा. "आमच्या वाड्यात नाना फडणवीस येऊन गेले" ही आठवण वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: पेठ, घर नंबर, सिटी सर्व्हे नंबर. घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर वेगवेगळे असतात. त्यांची गल्लत झाली की शेजारच्या वाड्याचा इतिहास आपल्या नावावर लागतो, आणि ते लक्षात येईपर्यंत महिने गेलेले असतात.

पहिली फेरी नगर भूमापन कार्यालयाची. ऑनलाइन मिळणाऱ्या मालमत्ता पत्रकावर थांबू नका, जुन्या हस्तलिखित पत्रकाची नक्कल मागा. त्यावर मूळ धारक, सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्काने धरली ते), पट्टेदार, इतर भार (जागेवरचा बोजा) आणि खाली फेरफारांच्या नोंदी असतात. प्रत्येक फेरफाराची तारीख आणि कारण (वारस, खरेदी, वाटणी, गहाण) एका ओळीत उतरवून घ्या. सोबत चौकशी नोंदवहीचा उतारा मागायला विसरू नका. वाडा धारकाकडे कसा आला, हे बरेचदा तिथेच कळतं. वाटणी झाली असेल तर एका वाड्याचे तीन-चार नंबर झालेले असतात. ते सगळे काढा, नाहीतर मागचा चौक एका मालकाचा आणि पुढचा दुसऱ्याचा का, याचा उलगडा होत नाही.

मग दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या सूची पाहून खरेदीखतं शोधा. खतातल्या चतुःसीमा शब्दशः उतरवा. पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला कोणता बोळ, हे शेजाऱ्याच्या खताशी जुळलं तरच जागा नक्की झाली. जुन्या खतात घराचं माप खणांत दिलेलं सापडतं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. ओसरीवर उभं राहून खांबांमधले खण मोजा. खतात पाच खण आणि समोर सात दिसत असतील, तर दोन खण नंतर वाढवले असण्याची शक्यता तपासा.

घरातला मोडी कागद सापडला तर त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. खिडकीजवळ तिरप्या उजेडात प्रत्येक पानाचे दोन फोटो घ्या, पाठीमागचा शेराही घ्या. मोडीत शब्द सुटे नसतात आणि इकार-उकारात ऱ्हस्वदीर्घ नसतो, म्हणून आडनावं दोन जाणकारांकडून वाचून घ्यावीत.

कालगणनेत सगळ्यात जास्त चुका होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. पानिपतची तिथी शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध ८. ७८ मिळवले तर १७६० येतं, खरी तारीख १४ जानेवारी १७६१. संवत्सराचा ताळाही करता येतो: शकात १२ मिळवून ६० ने भागा, उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १६९४ ला ६० ने भागल्यावर १४ उरतात आणि चौदावं संवत्सर विक्रमच. (बाकी शून्य आली तर साठावं, क्षय.) ताळा जमला नाही, तर आकडा पुन्हा वाचा. पेशवाईतल्या कागदात "इहिदे सितैन मया व अलफ" असं सनही असतं: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, त्यापुढे ६००.

पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. तिथे वाड्याच्या नावाने शोधून फारसं हाती लागत नाही. सरदाराचं किंवा सावकाराचं नाव आणि वर्षांचा पट्टा घेऊन जा. भारत इतिहास संशोधक मंडळातही तसंच.

वाडा स्वतःही साक्ष देतो, फक्त त्याचं ऐकताना घाई नको. मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना १८६५ चा, तेव्हा छापाचं कौल त्याआधीचं असू शकत नाही. पण त्यावरून छपराचं वय कळतं, वाड्याचं नाही. तुळईऐवजी लोखंडी गर्डर दिसला तर त्यावरचं कारखान्याचं नाव उतरवा. सुरूचे (सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले) खांब आणि कडीपाट (कड्या व फळ्यांचं लाकडी छत) दिसले की "पेशवेकालीन" लिहून मोकळं होऊ नका, सुतारांनी ती घडण पुढेही चालू ठेवली. नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराची पातळी भिंतीवर शोधा. त्याखालचा गिलावा बहुधा नंतरचा असतो, आणि त्या घरातले कागदही त्याच पाण्यात गेलेले असू शकतात.

आता माणसं. मालक, भाडेकरू आणि पाहुणा असे तीन रकाने आखा. वाड्याचं नाव सहसा मालकाचं असतं, मोठं काम मात्र अनेकदा दुसऱ्याच कोणीतरी केलेलं असतं. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली ती तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात. लोकमान्य टिळक विंचूरकर वाड्यात भाड्याने राहत होते, आणि १८९२ मध्ये विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते तिथेच. आजचा केसरी वाडा म्हणजे गायकवाड वाडा, तो टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. म्हणून केसरी वाड्याच्या टिपणात १८९२ ची भेट आली की समजावं, रकाना चुकला.

भाडेकरूंचा माग मालमत्ता पत्रकात क्वचितच लागतो. त्यासाठी महापालिकेची जुनी कर आकारणी, मतदार याद्या, पोस्टकार्डांवरचे पत्ते, लग्नपत्रिका आणि ज्ञानप्रकाश-केसरीच्या अंकांतल्या जाहिराती चाळा. वैद्य, शिकवणीवाले, छापखानेवाले जाहिरातीत वाड्याचं नाव देत. कुलवृत्तांत नात्यांसाठी उपयोगी, तारखांसाठी नव्हे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या मिळतात. नाती पडताळायला ती फार मोलाची जागा, पण जाताना मूळ गाव आणि आडनाव नक्की करून जा.

शेवटी टिपण लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे कंसात एक अक्षर टाका: क म्हणजे कागद, भ म्हणजे भिंत, आ म्हणजे आठवण. आठवणी गाळू नका. नाना फडणवीसांची गोष्ट आजीने कोणत्या साली, कोणाकडून ऐकली, तेही लिहा आणि पुढे (आ) टाका.