विमानाचा प्रॉपेलर आपटल्यावर इंजिन कसं तपासावं

आधी मॅग्नेटोचा (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद करा, मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) तोडा, बॅटरी काढा. तरीही प्रॉपेलर हाताने फिरवताना इंजिन कधीही पेटेल असंच समजून वागा. आघातात मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असू शकते, मग स्विच बंद असूनही ठिणगी पडू शकते.

‘आघात’ कशाला म्हणायचं, यावरूनच निम्मे वाद होतात. लायकमिंग या विमान-इंजिन कंपनीच्या सर्व्हिस बुलेटिन (तपासणीचं सूचनापत्रक) ५३३ प्रमाणे इंजिन बंद असतानाही प्रॉपेलर कशावर आपटला आणि पात्यांना किरकोळ घासणीपलीकडची दुरुस्ती लागली, तर तो आघातच. चालू इंजिनाचा वेग पाण्यात किंवा उंच गवतात एकदम पडला, तर पाती शाबूत असली तरीही आघातच धरतात.

बरेच जण क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या फ्लँजला, म्हणजे प्रॉपेलर बसतो त्या चकतीला, डायल इंडिकेटर (वाक मोजणारं घड्याळ) लावतात, काटा हलला नाही की विमान सोडतात. हे चुकीचं आहे. डायल फक्त वाकलेला फ्लँज दाखवतो. खरा धोका क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला असतो. तिथला गिअर कॅमशाफ्ट, मॅग्नेटो आणि ऑइल पंप फिरवतो. क्रँकशाफ्ट अचानक थांबतो, पण हे सगळे भाग गतीमुळे पुढे रेटतात आणि तो धक्का गिअरच्या डॉवेलवर (गिअर जागेवर धरणाऱ्या खिळीवर) व बोल्टवर येतो. डॉवेल चेपतो, बोल्ट सैल होतो आणि काही तासांनी हवेत गिअर सुटला की ठिणगी, व्हॉल्व्ह आणि तेलाचा दाब एकदमच जातो. म्हणूनच एफएएच्या (अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेच्या) २००४-१०-१४ या आदेशानुसार, तो लागू असलेल्या लायकमिंग इंजिनांत गिअर, डॉवेल, शाफ्टची खाच आणि बोल्टच्या भोकाचे आटे तपासावे लागतात. बोल्ट आणि लॉकप्लेट नवेच बसवायचे. एवढं तर किमान झालंच पाहिजे. पण जमिनीवर जोरात आपटला असेल, तर आमच्या मते इंजिन पूर्ण उघडण्याला पर्याय नाही.

उघडल्यावर क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि गिअर मॅग्नाफ्लक्सने (चुंबकाने तडे दाखवणाऱ्या पद्धतीने) तपासा आणि नंतर त्यांतलं चुंबकत्व नक्की काढा, नाहीतर तेलातला लोखंडी चुरा त्यांना चिकटतो. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून सरळपणा मोजा, मर्यादा त्याच इंजिनाच्या ओव्हरहॉल मॅन्युअलमधूनच घ्या. काउंटरवेट (शाफ्टवर लटकणारी वजनं) असतील तर त्यांची बुशिंग आणि रोलर बारकाईने पाहा: झटक्याने वजनं आपल्या टोकापर्यंत आदळतात. क्रँककेस अॅल्युमिनियमची, तिथे मॅग्नाफ्लक्स चालत नाही; फ्लुओरेसंट पेनेट्रंट (तड्यात शिरून चमकणारा द्रव) वापरा, पुढच्या बेअरिंगभोवती आणि माउंटिंगच्या कानांजवळ जास्त वेळ द्या. रॉडचे बोल्ट आणि नट परत वापरू नका.

मॅग्नेटो उघडून इम्पल्स कपलिंग (इंजिन सुरू करताना ठिणगी जोरदार करणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर गिअरचे दात पाहा. गव्हर्नर (प्रॉपेलरचा वेग राखणारं यंत्र) व प्रॉपेलर मान्यताप्राप्त कार्यशाळेत पाठवा. इंजिन माउंटच्या नळ्यांची वेल्डिंग आणि रबर विसरू नका.

जोडणीनंतर ग्राउंड रन घ्या, मग ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून धातूचे कण शोधा. काय बदललं आणि कोणत्या बुलेटिनप्रमाणे तपासलं, हे लॉगबुकात क्रमांकासह लिहा; नुसतं ‘तपासलं, ठीक’ हे पुढच्या मेकॅनिकच्या काही कामाचं नसतं.