कटाच्या कथेत विदर्भ आणताय? या चुका टाळा

मंत्रालयापर्यंत पोचलेला कट वाचक आनंदानं मानतो. तो अडतो सातबाऱ्याशी. 'तलाठ्यानं रात्रीतून जमीन दुसऱ्याच्या नावावर चढवली' हे वाक्य आर्वी-पुसदच्या वाचकानं वाचलं, की पुढच्या खुनावरही त्याचा विश्वास बसत नाही. फेरफाराची, म्हणजे मालकी बदलाची, नोंद तलाठी घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. म्हणजे खलनायकाला दोन माणसं फोडायची आहेत आणि पंधरा दिवस श्वास रोखून बसायचं आहे. चावडीवरची नोटीस कुणी फाडली, एवढ्यावर आख्खं प्रकरण उभं राहतं. लेखक नेमकं तेच गाळतात.

दुसरी चूक तारखांची. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 ला झालं, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आलं 1997 मध्ये. नायक 1992 मध्ये महामंडळाची फाइल पळवत असेल तर कथा तिथंच संपली. नायिका 2003 मध्ये माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा वापरत असेल तरी तेच. तो 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. कलमांचीही गंमत आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, पण 2017 च्या कटाचा गुन्हा 2025 मध्ये नोंदवला तरी कलम जुन्या दंडसंहितेचंच, 120-ब. संहितेचं 61 लिहिलंत तर आरोपीचा वकील हसेल.

उपाय सोपा. वहीत दोन रकाने करा: डावीकडे नोंदलेल्या घटना तारखेसह, उजवीकडे तुमच्या. उजवीकडची घटना डावीकडच्या दोन तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसवा, नोंदीवर बसवू नका.

मालाचं वजनही करून पाहा. कापसाची गाठ 170 किलोची. बैलगाडीतून 20 गाठी पळवल्या म्हणजे 3,400 किलो. बैल जागचे हलणार नाहीत. शिवाय कास्तकाराच्या घरी सुटा कापूस असतो, गाठ बांधली जाते सरकी काढून उरलेल्या रुईची, जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. चोरी कागदावर करायची असेल तर हाच हिशोब कामाचा: आवक किती, गाठी किती, फरक कुठं गेला?

सगळ्यात जपून लिहायची जागा म्हणजे खरे मृत्यू. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा घटनेवर कट रचताना साल, हंगाम, डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं), पाठीवरचा पंप, मिसळलेली औषधं खरी ठेवा. गाव, कुटुंब आणि कंपनी पूर्ण काल्पनिक करा. एखाद्या खऱ्या मृताचं वय, गाव आणि मुलांची संख्या जशीच्या तशी उचलली, तर नाव बदलूनही शेजारी ओळखतात. 'सर्व पात्रं काल्पनिक आहेत' ही ओळ तुम्हाला वाचवेलच असं नाही. मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, हे कायद्यात आहे. कंपनीचं नाव ठरवल्यावर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधून पाहा. निघालं तर बदला.

बोलीबद्दल थोडक्यात. 'विदर्भाची भाषा' अशी एक भाषा नाही. वऱ्हाडीत डोळ्याचा 'डोया' होतो, पूर्वेच्या झाडीबोलीत 'डोरा'. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातल्या साक्षीदाराच्या तोंडी अकोल्याची बोली घातली, तर तो खोटी साक्ष देतोय असंच वाचक धरून चालेल. तुमच्या कथेत तो खरंच खोटं बोलत असेल, तर मात्र हा धागा सोडू नका.